सोमवारी काही सांगायचं नाही

खोली बघायला गेले त्या दिवशी काकांनी मला एकच प्रश्न विचारला. मी काय खाते, पाहुणे किती येतात, लग्नाचं कुठवर आलंय, असलं काही नाही.

"सोमवारी बातम्या सांगायची सवय आहे का तुला?"

"कसल्या बातम्या?"

"कसल्याही. सोमवारी सकाळपासून संध्याकाळी सातपर्यंत या घरात कोणी कोणाला काही सांगत नाही. जमेल?"

मला सिंगापुरात, क्लेमेंटी भागातच खोली हवी होती. विद्यापीठाची बस इमारतीच्या खालूनच सुटायची, आणि त्याआधीच्या दोन घरमालकांनी फोडणीच्या वासावरून मला नकार दिला होता. या घरात तर दार उघडताच हिंगाचा वास आला होता. मी म्हटलं, जमेल.

आतून काकूंचा आवाज आला, "नीट विचार कर गं. त्यांना जमतं, माणसांना जमत नाही."

मला जमलं. इतकं चांगलं जमलं की त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

ही २०१२ सालची गोष्ट. पुण्याहून पीएच.डी. करून मी तिथे संशोधनाला गेले होते. दिवसभर प्रयोगशाळेत बसून प्लास्टिकच्या बशांमध्ये पेशी वाढवायच्या आणि त्या किती वाढल्या ते मोजायचं, हे माझं काम. काका मला 'डॉक्टरीणबाई' म्हणायचे. ते स्वतः जहाजांचे तपासनीस. सेम्बावांगच्या गोदीत त्यांनी वीस वर्षं काढली होती. दुरुस्तीला आलेल्या जहाजाच्या पोटाखाली उभं राहून हातोडीने पत्रा ठोकायचा आणि आवाजावरून आतला गंज ओळखायचा. "गंज काही लपून बसत नाही," ते म्हणायचे. "आपण ठोकत नाही एवढंच." नंतर गुडघे दुखायला लागले म्हणून कंपनीने त्यांना पाया लेबारच्या ऑफिसात टेबलाशी बसवलं होतं. पण हातोडीची सवय सुटली नव्हती. बोलता बोलता समोरची भिंत, फ्रीज, कलिंगड, जे असेल ते बोटाने ठोकून बघायचे.

सोमवारच्या नियमाचं कारण अमेरिकेत होतं. तरुणपणी काका चार वर्षं तिथल्या एका थंड, पावसाळी बंदराच्या शहरात जहाजबांधणी शिकायला होते. त्या शहराचा एक फुटबॉलचा संघ होता. आपला फुटबॉल नव्हे, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा तो अमेरिकन. काकू त्याला 'रेड्यांची टक्कर' म्हणायच्या. त्या संघाला अजिंक्यपद कधीच मिळालेलं नव्हतं. काका शहर सोडून आले, सिंगापूरला स्थायिक झाले, मुलगी झाली, मुलीचं लग्न झालं, तरी तो संघ हरतच होता आणि काका त्याचेच होते.

सामना तिकडे रविवारी दुपारी सुरू व्हायचा, म्हणजे सिंगापूरला सोमवार उजाडायच्या कितीतरी आधी. पण काका साडेदहाला झोपणारे. गोदीत आयुष्यभर रात्रपाळ्या केल्यावर ते कशासाठीही जागायला तयार नव्हते. रविवारी संध्याकाळी ते टीव्हीच्या डब्यावर रेकॉर्डिंग लावून ठेवायचे आणि सोमवारी ऑफिसातून येऊन सातला बघायचे. मधल्या वेळात निकाल कानावर पडता कामा नये. पेपर घडी न मोडता दाराशी पडून राहायचा. टीव्हीचा रिमोट त्यांच्या कपाटातल्या खणात बंद. एमआरटीतून, म्हणजे तिथल्या मेट्रोतून जाताना ते गोदीतली पिवळी कानटोपणं लावायचे, मोठी, दोन वाट्या डोक्याला बांधल्यासारखी. शाळेची पोरं त्यांच्याकडे बघून हसायची. एकदा ऑफिसच्या लिफ्टमध्ये त्यांच्याच संघाची टोपी घातलेला एक गोरा साहेब शिरला आणि यांच्या कीचेनवरचं चिन्ह बघून आनंदाने तोंड उघडू लागला. काका मराठीत ओरडले, "बोलू नका! अहो, बोलू नका!" आणि मधल्याच मजल्यावर उतरून उरलेले नऊ मजले जिन्याने चढले. गुडघे आठवडाभर सुजलेले होते.

"पपा, जस्ट चेक द स्कोअर लाह," त्यांची मुलगी तिथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणायची. ती सेम्बावांगला राहायची आणि रविवारी जेवायला यायची. "ऑल्रेडी ओव्हर व्हॉट. यू लूक, यू डोन्ट लूक, सेम."

"सेम नाही," काका म्हणायचे. "मी बघितल्याशिवाय मॅच संपत नाही. मी बटण दाबेपर्यंत दोन्ही संघ मैदानात नुसते उभे असतात."

"हो, बिचाऱ्यांचे पाय दुखत असतील," काकू म्हणायच्या.

आम्ही हसायचो. काका हसायचे नाहीत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मी राहायला गेले त्या पहिल्या वर्षी एक गोष्ट घडली. सामना अटीतटीचा झाला, लांबला, आणि शेवटची दोन मिनिटं राहिलेली असताना रेकॉर्डिंग संपलं. पडदा निळा झाला. मी फोन काढला, म्हटलं, काका, अर्ध्या मिनिटात सांगते. त्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला. "बघितलं नाही ना? मग नाही झालं," म्हणाले, हात धुऊन आले आणि झोपले. पुढच्या सोमवारी समालोचक बोलण्याच्या ओघात मागचा निकाल सांगेपर्यंत, म्हणजे अख्खा आठवडा, हा माणूस तो निकाल न कळता आरामात जेवला-खाल्ला, ऑफिसला गेला. मी मात्र त्याच दिवशी खोलीत जाऊन बघितलं होतं. हरले होते.

दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात सीझन सुरू झाला आणि संघ जिंकायला लागला. पहिल्या सोमवारी मी प्रयोगशाळेतून दमून आले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकले. काकूंचा सोमवारचा उपास असायचा. काका गोदीत एकदा जहाजाभोवतीच्या परांचीवरून पडता पडता वाचले होते, त्या वर्षी काकूंनी तो धरला होता आणि पुढे सोडला नाही. त्यामुळे सोमवारी साबुदाण्याची खिचडी. ती ताटली मांडीवर घेऊन मी सामना बघितला आणि संघ जिंकला. झालं. पुढच्या सोमवारपासून मला तीच खुर्ची, तीच ताटली. काकांच्या अंगात तीस वर्षांपूर्वीची विटलेली जर्सी, जी सीझनभर धुवायची नाही, फक्त खिडकीबाहेर कपडे वाळवायच्या बांबूला अडकवून वारं द्यायचं. काकू म्हणायच्या, "बाराव्या मजल्यावर आहोत म्हणून बरं, नाहीतर लोकांनी तक्रार केली असती."

काकांनी मला शेंगदाणे मांडून खेळ शिकवला. चार संधी, दहा यार्ड. तेवढे पुढे सरकलात की पुन्हा चार संधी. "देवाकडे मागून मागून काय मागायचं? एवढंच." मला खेळ अर्धाच कळला, पण ती खुर्ची आवडायला लागली. त्या परक्या गावात माझ्यावाचून अडेल असं दुसरं काही नव्हतं. प्रयोगशाळेत मी नसते तर माझ्या बशा दुसऱ्या कोणी सांभाळल्या असत्या.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी मी जरा बरं नाही म्हणून घरी होते. काकू बाजारात गेलेल्या. फोन वाजला.

"हॅलो, अंकल इज देअर?" हॉस्पिटलमधली नर्स होती. "यू आर द डॉटर, अह?"

मी म्हटलं, भाडेकरू.

"ओके, यू टेल अंकल. ही मिस्ड हिज अपॉइंटमेंट. द टेस्ट रिझल्ट इज हिअर, डॉक्टर वॉन्ट्स टू सी हिम धिस वीक. मस्ट कम. व्हेरी इम्पॉर्टंट. यू टेल हिम, कॅन?"

"कॅन," मी म्हटलं.

काकांच्या मानेला डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ होती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. ते दाखवून आले होते आणि डॉक्टरांनी 'साधी गाठ आहे' म्हणून सांगितलं, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं होतं. सुई घालून तपासणी केल्याचं सांगितलं नव्हतं. साध्या गाठीसाठी हॉस्पिटल असा फोन करत नाही, हे कळायला पीएच.डी. लागत नाही.

सहाला काका आले. कानटोपणं काढली, जर्सी घातली. मी तोंड उघडलं आणि त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. सोमवार होता. मी खुर्चीवर जाऊन बसले. आपल्या माणसाचं हॉस्पिटलला जाणं अडलंय आणि आपण तीन तास खिचडी खात रेड्यांची टक्कर बघतोय, हे त्या घराच्या बाहेर कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. पण नियम तो नियम, अशी माझ्या अंगाला सवय लागली होती. संघ मागे पडला होता, शेवटी जिंकला. काकू ताटं घेऊन आत गेल्यावर मी म्हटलं, "काका, हॉस्पिटलमधून फोन आला होता. या आठवड्यात यायलाच हवं म्हणाले."

त्यांनी टीव्ही बंद केला. स्वयंपाकघराकडे बघितलं. "रिझल्ट सांगितला?"

"नाही. पण काका..."

"मग अजून लागलेला नाही."

"काका, ती मॅच नाहीये. तुम्ही बघा नाहीतर नका बघू, पेशी वाढायच्या थांबत नाहीत. मी रोज तेच काम करते."

ते रागावले नाहीत. मी घाबरलेलं माणूस पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते, आणि ते घाबरलेत हेही मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं. "हा सीझन होऊ दे," ते हळू आवाजात म्हणाले. "तीस वर्षांत असा सीझन आला नाही. आत्ता काही हलवायचं नाही. फेब्रुवारीत संपतो. दुसऱ्या दिवशी जातो. हिला सांगायचं नाही, पोरीला सांगायचं नाही. शब्द दे."

मी शब्द दिला.

का दिला, याची कारणं मी गेली कित्येक वर्षं शोधतेय. घर सोडावं लागेल ही भीती होती. मोठ्या माणसाला उलट कसं बोलायचं, हा संस्कार म्हणा, भित्रेपणा म्हणा, होता. आणि एक कारण असं की सांगायला लाज वाटते. त्या लाल खुर्चीवर माझाही थोडा विश्वास बसला होता.

हॉस्पिटलचे पुन्हा फोन आले असतील, पत्रंही आली. एकदा काकांनी माझ्या देखतच फोन घेतला आणि फेब्रुवारीतली तारीख मागितली. पलीकडून बराच वेळ कोणीतरी समजावत होतं. काका "येस, येस, आय अंडरस्टँड" म्हणत राहिले. पत्रं रिमोटच्या खणात गेली. काकू विचारायच्या, "गाठ वाढलीय का हो?" तर म्हणायचे, "तुझा चष्मा बदल." डिसेंबरात त्यांनी खिचडीतले बटाटे बाजूला काढायला सुरुवात केली. जानेवारीत खिचडी ताकात कालवून खायला लागले. काकूंना वाटलं, जुन्या मधुमेहासाठी त्यांनी खाणं कमी केलंय, आणि त्या खूश झाल्या. ते गिळायचे तेव्हा त्यांचा अडखळणारा गळा मला दिसायचा. मी मान फिरवायचे.

फोननंतर मीही बदलले होते. सोमवारी दुपारी प्रयोगशाळेत चोरून निकाल बघायचे. संघ हरावा म्हणून बघायचे. शेवटच्या बाद फेरीत एक जरी सामना हरले असते तरी सीझन तिथेच संपला असता आणि काका हॉस्पिटलला गेले असते. इतक्या मनापासून मी कधी कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं. ते जिंकत गेले. मी दुपारीच सगळं जाणून संध्याकाळी खुर्चीवर बसायचे, आणि काका टाळ्या वाजवायचे तेव्हा वाजवायचे.

अंतिम सामन्याच्या आधीचा सामना होता त्या संध्याकाळी मी खुर्चीवर बसले नाही. सोफ्यावर बसले. जिंकलेत हे मला माहीत होतं.

काकांनी रेकॉर्डिंग थांबवलं. "डॉक्टरीणबाई, खुर्ची."

"नाही," मी हळूच म्हटलं. काकू दोन पावलांवर साबुदाणा परतत होत्या. "उद्या हॉस्पिटलला फोन करणार असाल तर बसते. नाहीतर नाही."

त्यांनी रिमोट हातात धरून ठेवला. टीव्हीवर एक खेळाडू वाकून तसाच थांबलेला. मग काका उठले, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि स्वतः जाऊन त्या लाल खुर्चीवर बसले. तिथून टीव्ही बघायचा तर मान डावीकडे वळवावी लागते. तीन तास त्यांनी ती दुखरी मान वळवून सामना बघितला. मी काकूंना हाक मारायला हवी होती. एक हाक, एवढंच होतं. संघ जिंकल्यावर काका मला म्हणाले, "बघ, चाललं." त्यांचे डोळे पाण्याने भरले होते, ते आनंदाने की दुखण्याने, मला ठरवता आलं नाही.

अंतिम सामना सिंगापूरच्या सोमवारी सकाळी होता. काकांनी रजा घेतली. हा एकच सामना सगळ्या जगाबरोबर बघायचा, असं त्यांनी जाहीर केलं. चिनी नववर्ष नुकतंच सुरू झालं होतं, शेजाऱ्यांनी दिलेली संत्री टीव्हीपुढे रचलेली होती. मी खुर्चीवर बसले. त्या घरात पहिल्यांदाच आम्हा तिघांनाही पुढचं काही माहीत नव्हतं.

सामना अगदीच एकतर्फी झाला. मध्यंतरालाच निकाल उघड होता. तीस वर्षं वाट बघितल्यावर माणसाने नाचायला हवं, ओरडायला हवं. काका हळूहळू गप्प होत गेले. संघाचे खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते, वरून रंगीत कागद पडत होते, आणि काका एक संत्रं बोटाने ठोकत बसले होते.

"लवकर संपली," ते म्हणाले.

मग उठले, जर्सी काढून बांबूवर टाकली, आणि फोनजवळ गेले. नंबर पाठ होता. "आय मिस्ड माय अपॉइंटमेंट," ते स्पष्ट आवाजात म्हणाले. "द वन इन ऑक्टोबर. येस. फॉर द रिझल्ट. येस, आय नो. यू कॉल्ड मेनी टाइम्स."

काकू चहाचं भांडं घेऊन दारात उभ्या होत्या. आधी त्यांनी काकांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला धक्का बसायला हवा होता, तो बसला नव्हता, आणि ते त्यांना दिसलं.

"तुला माहीत होतं?"

मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी भांडं ओट्यावर नेऊन ठेवलं आणि काकांना बाहेर जायचे कपडे काढून दिले.

पुढचं फार लांबवत नाही. गाठ मानेतच राहिली नव्हती. मुलगी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून रडत होती, "पपा, व्हाय यू नेव्हर टेल अस? व्हाय?" काकांनी तिला उत्तर दिलं, "सीझन चालू होता गं." त्यांना ते पुरेसं कारण वाटत होतं. ऑगस्टमध्ये, नवा सीझन सुरू व्हायच्या आत, ते गेले. शेवटच्या दिवसांत बोलता येत नव्हतं. बोटाने पलंगाची दांडी ठोकायचे आणि ऐकायचे.

मुलीने मला नंतर कधी माझ्या नावाने हाक मारली नाही. काकूंनी मला जा म्हटलं नाही. म्हटलं असतं तर सोपं झालं असतं. वर्षअखेरीस माझं तिथलं काम संपलं. सामान बांधून झालं होतं आणि निघायच्या आदल्या दिवशी सोमवार होता. काकूंचा उपास चालूच होता. कोणासाठी, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. सातला त्यांनी दोन ताटं वाढली. मी कुठे बसू हे कळेना म्हणून उभी राहिले, तेव्हा त्यांनी ती लाल खुर्ची माझ्याकडे सरकवली. टीव्ही बंद होता.

दोन घास झाल्यावर काकू म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस. रोज हेच बघतेस. मला खरं सांग. ऑक्टोबरात गेले असते तर वाचले असते का?"

उत्तर माझ्याकडे होतं. त्या फोननंतरच्या आठवड्यात मी अशा गाठींवरचं मिळेल ते सगळं वाचून काढलं होतं, आणि नंतर डॉक्टरांनी गाठीचं नाव सांगितलं तेव्हा पुन्हा एकदा. मी चमचा खाली ठेवला.

"काकू," मी म्हटलं.

त्यांनी हात वर केला. "नको," त्या म्हणाल्या. "आज सोमवार आहे."

मग उठून त्यांनी माझ्या ताटात आणखी खिचडी वाढली. त्या मला हे पुन्हा कधी विचारणार नाहीत हे मला कळलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची लाज मला आजही वाटते. खाली मान घालून मी ती सगळी खिचडी संपवली.